किल्ला दिला

३ ऑक्टोबर, शुक्र.
एलेनॉरने तिसरं प्रकरण परत पाठवलं. समासात जांभळ्या शाईने एकच प्रश्न, पानापानावर: प्रूडन्सला मराठीत नेमका शब्द काय? बाई गं, मला कळला असता तर तुला गाईड केलं असतं का! 'शहाणपण' म्हटलं की आईने कान पिळल्यासारखं वाटतं. 'सावधगिरी' म्हणजे ओल्या फरशीवरची पाटी. 'धोरण' सरकारी. आणि 'पोच' हा शब्द एखाद्याला ती नाही हे सांगायलाच वापरतात. आमच्या घरी तो एखादा म्हणजे बहुतेक वेळा मी.

शब्द मिळेपर्यंत प्रूडन्सचं नाव प्रूबाई. जुन्या काळच्या इतिहासलेखनात प्रूबाईंचं काम काय होतं, हा माझा प्रबंध. तेव्हा लोक इतिहास लिहायचे तो नुसतं काय घडलं ते कळावं म्हणून नाही. वाचणाऱ्यावर उद्या तशीच वेळ आली तर त्याने कसं वागावं, हे त्याला आज कळावं म्हणून. प्रबंधात माणसं दोन. एक इंग्रज दरबारी, जो जिवंत राजाला दुखवायला नको म्हणून शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या राजाची गोष्ट लिहितो. दुसरा माझा कारकून. वेलगडकर सरदारांच्या पदरी होता, त्याने त्यांची बखर लिहिली. नाव कुठेच लिहिलेलं नाही, तेव्हा नुसता कारकून.

घरात थंडी. काका अजून हीटिंग लावायला तयार नाहीत. "नोव्हेंबरच्या आधी हीटिंग म्हणजे चैन." प्रूबाई लंडनच्या एजवेअरमध्येही राहतात.

५ ऑक्टोबर, रवि.
काका म्हणजे डॉ. वेलगडकर. त्याच घराण्यातले. चाळीसेक वर्षं इथल्या हॉस्पिटलांत हार्टचे डॉक्टर, आता रिटायर. इथल्या मराठी मंडळात ओळख झाली, बखरीवर काम करायचंय म्हटल्यावर गावच्या घरातल्या पोथीचे फोटो स्वतः काढून आणले, आणि वर ही छोटीशी बॉक्स रूम राहायला दिली. भाडं घेतात ते माझा मान राहावा म्हणून. हे सगळं आज मुद्दाम लिहून ठेवतेय, कारण पुढे काय होणार आहे ते मला दिसतंय.

आज ती ओळ परत वाचली. वेलगडाला वेढा, आत दादासाहेब वेलगडकर, धान्य संपलेलं. बखर काकांच्या आजोबांनी छापली होती. छापील पुस्तकात आहे: "माणूस राखोन किल्ला गेला." पुढे दादासाहेब दरवाजात लढता लढता पडले, हे बखरीत कुठेच नाही. ते घरात सांगतात.

आणि पोथीतल्या मोडीत आहे: "माणूस राखोन किल्ला दिला. सुज्ञांस बहुत काय लिहिणें."

दिला. गेला नाही.

घाईत लिहिलेली मोडी चकवते, मान्य. म्हणून त्याच पानावर दादासाहेबांचं नाव काढलं. दादातला द आणि दिलातला द एका हाताचे, एका वळणाचे. शिवाय मोडी न येणाऱ्यालाही कळावं असं व्याकरण आहे. "माणूस राखोन किल्ला गेला"? माणसं कोणी राखली? किल्ल्याने? आणि मग किल्ला उठून चालायला लागला?

दादासाहेबांनी आतली माणसं वाचवून किल्ला शत्रूच्या हवाली केला. कारकुनाने तसं लिहिलं. आजोबांनी एक शब्द बदलला आणि दादासाहेबांना काहीच करायला ठेवलं नाही.

११ ऑक्टोबर, शनि.
काकांना सांगितलं. नाश्त्याला, टोस्टवर लसणाची चटणी लावत होते तेव्हा. लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. काकांना मोडी येत नाही, पण बघितलं शांतपणे, एक्स-रे बघावा तसं वर-खाली करून.

"मोडी आहे शलाका. मिसरीडिंग होतं."
"दादातला द बघा ना काका."
"आजोबांना मोडी आईच्या दुधाबरोबर आली होती. तू शिकलीस ऑनलाइन."

हे लागलं. खरं आहे म्हणून जास्त लागलं. मग मी ते राखोनचं व्याकरण काढलं. तर चटणीची बाटली बंद करत म्हणाले, "आमच्या घराण्यात किल्ला 'दिला' असं कोणी म्हटलेलं नाही. म्हणणारही नाही. ईशाला मी पाळण्यात काय गोष्ट सांगितली माहितीये? दादासाहेब दरवाजात पडले. मला वडिलांनी तीच सांगितली."

सुमनकाकू सिंकपाशी होत्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "अहो, तिने वाचलं ते ती म्हणतेय. गोष्ट तिने नाही लिहिली."
"आय नो. पण तिने जरा तारतम्य ठेवावं."

तारतम्य! हा शब्द राहिलाच होता. एलेनॉरला कळवायला हवा.

१४ ऑक्टोबर, मंगळ.
बाबांचा नागपूरहून फोन. माझ्याआधी बातमी पोचली होती. काकांनी पुण्यातल्या चुलतभावाला सांगितलं, त्याने घराण्याच्या ग्रुपवर टाकलं, तिथून कोणीतरी बाबांच्या ओळखीचा निघाला. लंडनची मुलगी वेलगडकरांना भित्रे म्हणते, इथपर्यंत मजल गेली आहे. मी तो शब्द उच्चारलेलासुद्धा नाही.

बाबा: "बेटा, सांभाळून लिही. आम्हाला इथं राहायचं आहे."
मी: "म्हणजे गेला लिहू?"
बाबा: "मी तसं म्हटलं नाही. सांभाळून लिही म्हटलं."
"बाबा, तुम्ही मराठी शिकवायचे. शब्द बदलायचा नसेल तर सांभाळायचं म्हणजे काय करायचं?"
त्यावर त्यांनी आईला फोन दिला. आईने विचारलं, जेवलीस का.

भीती वाटली, लिहून टाकते. मला स्वतःसाठी नाही. आई-बाबांच्या घराला फाटक आहे, त्याला कुलूप नाही. आणि भीती वाटली म्हणून डोकंच फिरलं. एका क्रियापदासाठी साठी-सत्तरीतल्या माणसांनी फाटकाकडे बघत बसायचं! कारकून तर त्याच घराण्याचं मीठ खात होता. त्याने लिहिलं. मी लिहिणार नाही?

२० ऑक्टो., सोम.
एलेनॉरची भेट. तिला सगळं सांगितलं. भली बाई आहे, बिस्किटं पुढे केली. म्हणाली, मजकुरात छापील 'गेला' ठेव, हस्तलिखितातला तळटीपेत दे. ज्याला कळायचं त्याला कळेल. तोंडी परीक्षा, ती व्हायव्हा, होऊ दे, नोकरी लागू दे, मग लेख लिही मोठा. तुझ्या व्हिसाचाही विचार कर. आणि पोथीच्या फोटोंची परवानगी वेलगडकरांच्या हातात आहे.

"म्हणजे तुझ्या मते मी प्रूडंट व्हावं."
ती हसली. "चार वर्षं तू त्यावरच लिहितेयस ना?"

मला हसू आलं नाही. तिला म्हटलं, एलेनॉर, माझा इंग्रज आणि माझा कारकून काही गोष्टी लपवत होते ते शहाण्या वाचकाला दिसाव्यात म्हणून. तू मला लपवायला सांगतेस ते दिसू नये म्हणून. दोन्हीला एकच शब्द कसा चालेल?

ती म्हणाली, हे वाक्य प्रस्तावनेत टाक. पण तळटीपेचा सल्ला मागे घेतला नाही. भांडायला मजा येते तिच्याशी, पण आज आली नाही.

२१ ऑक्टो., मंगळ. लक्ष्मीपूजन
दिवाळी आणि मी लायब्ररीत. डबा उघडला तर चकल्या. काकूंनी न सांगता ठेवलेल्या.

दिवसभर एकाच ओळीवर होते. "सुज्ञांस बहुत काय लिहिणें." जुन्या पत्रांच्या शेवटी हे असतंच. आपण सुज्ञ आहात, जास्त काय लिहायचं. मी त्याला आजवर 'कळावे, लोभ असावा'सारखं धरत होते, एक सवयीचं वाक्य. पण ते पत्राच्या शेवटी येतं. कारकुनाने ते बखरीच्या मध्यावर घातलंय, आख्ख्या बखरीत एकदाच, आणि तेही 'दिला'नंतर.

तो इथेच का थांबला? बखर कोणासाठी लिहिली ते पहिल्याच पानावर आहे: दादासाहेबांच्या मुलासाठी. बाप गेल्यावर लहान वयात गादीवर बसलेला मुलगा. उद्या तो कुठल्या तरी किल्ल्यात अडकणार, धान्य संपणार, आणि सगळे सरदार सांगणार, लढून मरा. तेव्हा त्याला आठवायला हवं की आपल्या बापाने माणसं राखली आणि किल्ला दिला. मागचं आठवणं, समोरचं ओळखणं, पुढचं हेरणं, प्रूबाईंचे हेच तीन डोळे. बखर म्हणजे त्या पोराची शिकवणी. आणि 'गेला' छापलं की शिकवणीतला धडाच फाडला. मग उरतं काय? किल्ले जात असतात. हवामान खात्याने सांगावं तसं.

कारकुनाने चूक झाली म्हटलं नाही, बरोबर झालं असंही म्हटलं नाही. एक क्रियापद लिहिलं आणि लेखणी उचलली. पोरा, तू सुज्ञ आहेस. प्रूबाई तिथे उभ्या आहेत. त्या गप्प बसायला सांगत नाहीयेत. सांगतायत, एकच शब्द लिही, पण तो खरा लिही.

शब्द सापडला, एलेनॉर. सुज्ञपण. लिहिणाऱ्याचं अर्धं, वाचणाऱ्याचं अर्धं.

तळटीप नाही. मजकुरात जाणार. दिला.

२ नोव्हें., रवि.
काकांनी खाली बोलावलं. टीव्ही बंद, म्हणजे सीरियस.

"वॉटफर्डला मंडळाचं तुझं लेक्चर आहे पंधराला. मी चेअर करतोय. कॅन्सल करायला लावणार नाही, ते मला शोभणार नाही. पण त्या ओळीला हात लावायचा नाही. आणि थीसिसमध्ये पोथीची पानं छापायची नाहीत. फोटो माझे आहेत, मी परवानगी काढून घेतोय."

मी म्हटलं, फोटो तुमचे आहेत, घ्या काढून. ओळ तुमची नाही.

"मग कोणाची?"
"ज्या मुलासाठी लिहिली त्याची."
"त्या मुलाचे वंशज कोण गं? आम्हीच ना?"

उत्तर वर आल्यावर सुचलं, जसं नेहमी होतं: मग धडाही तुम्हालाच होता, काका. पण जिना उतरून सांगायला गेले नाही. त्यांचा आवाज शेवटी कापरा झाला होता.

हीटिंग मात्र आजपासून सुरू झालं. नोव्हेंबर लागला ना.

९ नोव्हें., रवि.
ईशा वॉटफर्डहून जेवायला आली. काकांची मुलगी, तिशीची, बँकेत काम करते. तिचं मराठी धडधडत येतं आणि लिंगांना तुडवत जातं. वरण वाढून घेता घेता तिनेच विषयाला तोंड फोडलं.

"ओके, सो व्हॉट हॅपन्ड टू द किल्ला? कोणी मला सांगेल का? ती गेली का दिली?"
"तो," काकू म्हणाल्या.
"व्हॉटेवर. तो. आत लोक होते ना? फॅमिलीज? ते सगळे वाचले?"
मी म्हटलं, बखरीप्रमाणे वाचले.
"मग इट्स अ गुड थिंग ना बाबा? तुम्ही पण तेच करायचात. लोकांना वाचवायचात."

काका म्हणाले, ईशा, ताक घे.

१५ नोव्हें., शनि.
झालं.

हॉल भरलेला. निम्मे डॉक्टर, निम्मे आयटीवाले, मागे बटाटेवड्यांचा वास. काका अध्यक्षांच्या खुर्चीत, नेव्ही ब्लेझर. मी घरून ठरवून गेले होते की सांगायचं. पुढच्या रांगेत काकू, पर्स मांडीवर धरून, शाळेच्या गॅदरिंगला बसतात तशा.

इंग्रजाबद्दल बोलले, कारकुनाबद्दल बोलले. मग छापील ओळ वाचली, आहे तशी. "माणूस राखोन किल्ला गेला." आणि विचारलं, तुम्हीच सांगा, माणसं कोणी राखली?

एक रिटायर्ड भूलतज्ज्ञ, मंडळातले सगळ्यांत जुने, मोठ्यांदा म्हणाले, "किल्लेदाराने, अजून कोणी?"
"मग पुढचं क्रियापदही त्याचंच हवं ना?"
"हवं की. राखून दिला."

शब्द मी नाही उच्चारला. हॉलने उच्चारला. मी फक्त म्हटलं, हो, पोथीत तसंच आहे. आणि मग त्या लहान मुलाबद्दल सांगितलं, ज्याच्यासाठी ते लिहिलं. कोणी ओरडलं नाही, कोणी उठून गेलं नाही. मागून एकाने तिखट प्रश्न विचारला, तुम्हाला शौर्य खुपतं का. म्हटलं, माणसं राखणं हे शौर्यात बसत नसेल तर शब्दकोश बदलावा लागेल. टाळ्या पडल्या, थोड्या. त्या मला आवडल्या, हे लपवत नाही.

काकांनी समारोप केला. "वक्त्यांचे आभार. वडे गरम आहेत." बस.

घरी आल्यावर त्यांनी माझ्यासाठी दार धरून ठेवलं, नेहमीसारखं. त्यानेच मला रडू आलं.

१६ नोव्हें., रवि.
काकूंना म्हटलं, मी दुसरी रूम बघते.

"बघ. पण नोटीस मला द्यायची, महिनाभराची. त्यांना नाही. घर माझ्याही नावावर आहे." मग कणीक मळता मळता, "तू भांडून जाणार असशील तर जा. लाजून जाणार असशील तर बस इथेच."

बसले. लाज कसली?

९ डिसें., मंगळ.
एलेनॉर म्हणते, पानाचा फोटो नसेल तर परीक्षक विचारतील पुरावा कुठे आहे. तुझ्या शब्दावर विश्वास का ठेवायचा? रास्त आहे. तिने पुन्हा तळटीपेचा रस्ता दाखवला. मी पुन्हा नाही म्हटलं. आता आमचं हे ठरूनच गेलंय, सासूसुनेसारखं.

ट्रेनमध्ये सुचलं. फोटो नाही तर चौकट ठेवायची. पानाच्या मापाची रिकामी चौकट, खाली एक ओळ: या पानाचे छायाचित्र छापण्याची परवानगी नाही, मूळ पान घराण्याकडे आहे. आणि चौकटीच्या वरती मजकुरात माझं वाचन, अक्षर न अक्षर.

इंग्रज गालात हसला असता. कोणाचा अपमान नाही, कोणाचं नाव नाही, परवानगीचा मान राखलेला. आणि आख्ख्या प्रबंधात सगळ्यांत आधी डोळा जाईल तो त्या रिकाम्या चौकटीवर. सुज्ञांस बहुत काय लिहिणें!

काकांना आधी सांगायचं ठरवलं. पाठीमागून करणार नाही. सांगितलं. कचऱ्याचा ब्लू बिन बाहेर ओढत होते.
"रिकामी ठेवणार?"
"हो."
"लोक विचारतील, का रिकामी."
"विचारू देत."
बिन फुटपाथच्या कडेला लावला, झाकण दोनदा दाबलं. "तू फार हट्टी आहेस."
"नागपूरची आहे काका."

२३ जाने., शुक्र.
प्रबंध सादर झाला. चौकटीसकट. संध्याकाळी बाबांचा फोन.

"शेवटी काय लिहिलंस?"
"दिला."

मी फाटकाचा विचार करत होते. मग म्हणाले, "मी तो राखोनचा विचार करत होतो. त्याला कर्ता लागतोच. आठवीला शिकवायचो. दुसरं काही येऊच शकत नाही तिथे." आणि वर, "कोणी विचारलं तर मी व्याकरण सांगीन. व्याकरणावर कोण भांडतं?"

भांडतात बाबा. पण त्यांना ते ठाऊक आहे, आणि तरी म्हणाले. आज मी चौथीतल्या मुलीसारखी ढसाढसा रडले. काकूंनी शिरा केला होता.

८ फेब्रु., रवि.
काका आज आपणहून बोलले. मी भांडी पुसत होते, ते कपाटात लावत होते.

"गेला हा शब्द आम्ही फार वापरायचो. वॉर्डबाहेर एखादं देशी कुटुंब बसलेलं असायचं. बाहेर जाऊन सांगायचं, गेले. एवढंच. त्यांना तेवढंच झेपायचं."
मी पुढचं ताट पुसायला घेतलं.
"पण पेशंटच्या नोट्समध्ये तसं चालत नसे. छाती दाबून रीससिटेशन चाललेलं असायचं, ते कोणी थांबवलं, कधी थांबवलं, का. नाव लिहायचं, सही करायची. थांबवलं मी. पेशंट नुसता जात नाही गं, कोणीतरी ठरवतं की आता बास. ते मी लिहायचो. प्रत्येक वेळी लिहिलं."

एक वाटी त्यांनी बराच वेळ हातात धरून ठेवली.

"आजोबांनी तसंच 'गेला' घरच्यांना सांगितलं असेल. बाहेरचं. वॉर्डबाहेरचं."
मला म्हणायचं होतं, आणि कारकुनाने नोट्स लिहिल्या. पण म्हटलं नाही. माझ्याच प्रबंधातून एवढं तरी शिकायला हवं मी.

मग म्हणाले, "तुझ्या सांगण्यावरून मी मानणार नाही. आजोबांच्याही नाही. मला मोडी शिकव. मी स्वतः वाचीन."

१ मार्च, रवि.
शिकवणी जोरात. रोज चहानंतर, किचन टेबलवर. बहात्तर वर्षांचा विद्यार्थी, पेन्सिलीला स्वतः टोक काढून येतो. अक्षर डॉक्टरचं, त्यामुळे मोडी त्यांना शोभते. पेन्सिल न उचलता ओळी लिहीत जातात. चुकलं की चिडतात, माझ्यावर नाही, पेन्सिलवर. "हा घ का नाही?" "कारण तो ध आहे." "कोणी ठरवलं?" काकू हसून हसून बेजार.

पोथीचं ते पान सोडून बाकी सगळी पानं त्यांनी वाचायला काढली. लग्नं, वतनं, एका घोड्याचं आजारपण. घोड्याच्या पानावर रमले. "कारकुनाला क्लिनिकल आय होता," म्हणाले.

चुलतभावाचा पुण्याहून फोन आला तेव्हा मी तिथेच होते. तिकडून काहीतरी चढ्या आवाजात. काका म्हणाले, "मी वाचतोय. वाचून झालं की कळवीन. तोपर्यंत तिच्या वडिलांकडे कोणी जायचं नाही, हे ग्रुपवर माझ्या नावाने टाक." आणि फोन ठेवून मला म्हणाले, "ण परत दाखव."

त्यांच्याशी भांडण संपलेलं नाही. मी एक अक्षर मागे घेतलेलं नाही, त्यांनीही नाही. पण या माणसाशी भांडावंसं वाटतं, आणि असं वाटायला लावणारी माणसं कमी असतात.

१७ मार्च, मंगळ.
गुरुवारी व्हायव्हा. एलेनॉरचा मेल: परीक्षकांपैकी एकाने आधीच विचारलंय, ती चौकट रिकामी का. मी दिवसभर उत्तरांची तयारी करत होते, तोंडाने बडबडत. काही झालं तरी शब्द बदलणार नाही. बदला म्हणाले तर डिग्री त्यांना ठेवून घेऊ दे. हे आरशासमोर म्हणून बघितलं. वाक्य पूर्ण झालं.

संध्याकाळी काकांनी न सांगता ते पान काढलं. मोठं प्रिंट करून आणलेलं, लायब्ररीतून. चष्मा पुसला. काकूंनी गॅस बारीक केला.

बोट ठेवून वाचायला लागले. पहिलीतला मुलगा वाचतो तसं, मोठ्यांदा, सुटं सुटं.

"मा… णू… स. माणूस. रा… खो… न." थांबले. "राखोन म्हणजे वाचवून ना?"
"वाचवून. सांभाळून."
"हं. कि… ल्ला."

आणि पुढच्या अक्षराखाली बोट गेलं आणि तिथेच राहिलं. दुसऱ्या हाताने त्यांनी वरच्या ओळीतलं दादासाहेबांचं नाव शोधलं. एक बोट तिथे, एक इथे. वर बघितलं, खाली बघितलं, परत वर.

"शलाका."
"काय काका?"
"हे अक्षर सांग मला."
"तुम्हाला येतं ते."

काकू म्हणाल्या, "वाचा की अहो पुढे." त्यांनी वाचलं नाही. माझ्याकडे न बघता विचारलं, "तुझी ती चौकट अजून रिकामीच आहे?"

"आहे," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढला, परत पुसला, परत लावला, आणि ओळ पहिल्यापासून वाचायला घेतली. माणूस. राखोन. किल्ला. आता थांबलेत. बोट तिथेच आहे. मी टेबलाच्या या टोकाला बसून हे लिहितेय आणि शब्द त्यांना सांगणार नाही.